शाळेतला नाताळ : सांताचा ड्रेस भाड्याने आणण्याआधी एवढं वाचा

रेड डे, लाल टोपी आणि एक ग्रुप फोटो यापलीकडे प्राथमिकच्या वर्गात नाताळ कसा करता येईल? कायदा काय सांगतो, खर्च किती कमी करता येतो आणि कागद-कात्रीतून गणित-विज्ञान कसं शिकवता येतं, ते समजून घेऊ.

डिसेंबरचा मध्य उलटला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. 'उद्या रेड डे. मुलांना लाल कपडे, सांता कॅप, डब्यात केक आणि सीक्रेट सांतासाठी एक गिफ्ट.' मेसेज येतो संध्याकाळी सहाला आणि मुलाची व्हॅन असते सकाळी सातला. मग स्टेशनरीच्या दुकानात गर्दी, टोप्या संपलेल्या, आणि कुणाच्या तरी आईने मावशीच्या लाल ओढणीतून रात्री शिवलेली टोपी. त्यातच कुणीतरी ग्रुपवर विचारतं, 'हे आपल्या शाळेत कशाला?' दुसरं कुणी तितक्याच तावातावाने उत्तर देतं. पुढचे दोन दिवस गृहपाठाचे फोटो कुणालाच सापडत नाहीत.

या सगळ्यात वर्गातली मुलं प्रत्यक्षात काय करतात? बहुतेक ठिकाणी रांगेत उभी राहतात, फोटो निघतो, टॉफी मिळते, घरी येतात. एखाद्या मुलाला 'नाताळ म्हणजे काय रे?' विचारलं तर 'सांता येतो' याच्या पुढे गाडी जात नाही. हातात चांगला आठवडाभर असतो. तो असा वाया घालवायचं कारण नाही.

शाळेत नाताळ साजरा करता येतो का?

येतो. पण 'साजरा' या शब्दात काय काय येतं ते तपासायला हवं. संविधानाचं कलम २८ इथे कामाला येतं. पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेतल्या कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. हा नियम कुठल्या एका धर्मापुरता नाही, सगळ्यांना सारखाच लागू आहे.

आता चांदणी कापणं, कार्ड बनवणं, सणामागची गोष्ट ऐकणं ही उपासना नव्हे. परिसर अभ्यासात आपण ईद, बैसाखी, पोंगल शिकवतोच, त्याच माळेतलं हे. मात्र एखाद्या मुलाला सांताचा किंवा आणखी कुठला पोशाख घालायला लावणं हा वेगळा मुद्दा आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये मध्य प्रदेशातल्या शाजापूर जिल्ह्यात शिक्षण विभागाने पालकांच्या लेखी परवानगीशिवाय मुलांना सांता वगैरे बनवू नका, असं शाळांना कळवलं होतं आणि त्यावरून बराच वाद झाला. त्या आदेशामागच्या राजकारणाविषयी मतं काहीही असोत, पालकांना आधी विचारावं ही सवय मात्र चांगली आहे. ती गणेशोत्सवालाही लावावी, दहीहंडीलाही. स्वतः काहीतरी बनवायचा उपक्रम असेल, तर हा प्रश्न बऱ्याच अंशी उरतच नाही. कात्री चालवायला पोशाख लागत नाही.

आधी काय आणू नये, ते

थर्माकोल नको. बर्फ दाखवायचा म्हणून शाळांच्या फलकांवर अजूनही थर्माकोलचे गोळे चिकटवलेले दिसतात. महाराष्ट्राच्या मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत सजावटीचा थर्माकोल होता, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकदा वापरायच्या प्लास्टिकवरच्या बंदीतही तो आहे. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही त्याच यादीत आहेत. जी वस्तू बंद आहे ती शाळेनेच भिंतीवर लावायची आणि पुढच्या तासाला पर्यावरण शिकवायचं, हे काही बरं दिसत नाही.

चमकी, म्हणजे ग्लिटर, हीही नको. पहिली-दुसरीची मुलं हात डोळ्याला लावतात, आणि वर्ग झाडणाऱ्या मावशींना ती संक्रांतीपर्यंत सापडत राहते.

सीक्रेट सांताबद्दल माझं मत स्पष्ट आहे : प्राथमिकच्या वर्गात विकतची भेटवस्तू नकोच. 'पन्नास रुपयांच्या आत' असं कितीही लिहा, एका मुलाला ब्रँडेड कंपास मिळतो आणि दुसऱ्याला खोडरबर, आणि ते सगळ्या वर्गासमोर उघडलं जातं. सात वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मधल्या सुट्टीत वर्गाबाहेर उभं राहून ऐकावं. भेट द्यायचीच असेल तर ती वर्गात, एकाच ढिगातल्या कागदातून बनलेली असू द्या.

बर्फाला टोकं किती?

माझं इंजिनीअरिंग इथे कामी येतं, म्हणून या उपक्रमावर जरा जास्त वेळ घालवतो. कागदाचं हिमस्फटिक सगळ्याच शाळा करतात आणि बहुतेक ठिकाणी ते चुकतं. चौकोनी कागद अर्धा, पुन्हा अर्धा, मग तिरका दुमडायचा आणि कापायचा ही नेहमीची रीत. त्यातून चार किंवा आठ टोकांची नक्षी निघते. दिसते छान, पण खरा हिमस्फटिक सहा टोकांचा असतो. पाण्याचे रेणू गोठताना षटकोनी जाळीत बसतात आणि स्फटिक त्याच सहा दिशांनी वाढत जातो. योहान्नेस केप्लरला हा प्रश्न इतका छळत होता, की १६११ मध्ये त्याने 'बर्फाला सहाच कोपरे का' यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. रेणू-अणूंचं चित्र तेव्हा कुणाकडेच नव्हतं, त्यामुळे पूर्ण उत्तर त्याला मिळालं नाही. पण प्रश्न अगदी चौथीच्या मुलाने विचारावा तसा आहे.

सहा टोकं काढायची रीत अशी. ताटली किंवा डबा उपडा ठेवून कागदावर गोल काढा, कापा. गोल अर्धा दुमडा. आता या अर्धगोलाचे तीन सारखे भाग करायचे आहेत. मोजपट्टी नको, कोनमापक नको. आईस्क्रीमच्या कोनासारखी घडी घाला : उजवी बाजू डावीकडे, डावी तिच्यावर उजवीकडे, आणि दोन्ही कडा नेमक्या जुळेपर्यंत सरकवत राहा. जुळल्या की दाबा. आता ६० अंशांचा तुकडा हातात आहे. तो आणखी एकदा मधोमध दुमडा. झाले ३० अंश आणि कागदाचे बारा थर.

कापण्याआधी एक प्रश्न विचारा, आणि उत्तरं फळ्यावर लिहून ठेवा. घडीच्या एका कडेला छोटा त्रिकोण कापला, तर कागद उलगडल्यावर भोकं किती दिसतील? मुलं बारा म्हणतील, कारण थर बारा आहेत. दिसतील सहा, कारण दुमडलेल्या कडेवर शेजारचे दोन थर मिळून एक भोक होतं. आणि गोलाच्या बाहेरच्या कडेला, घडीला हात न लावता मधोमध खाच पाडली तर? तिथे मात्र बारा. सममिती हा शब्द न उच्चारता सममिती शिकवून होते. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिवस. त्या दिवशी भाषणांऐवजी हेच करा, नाताळच्या सजावटीचं कामही आपोआप उरकेल.

कागद पातळ हवा. पतंगाचा उत्तम, वर्तमानपत्राचा चालेल. (ई-पेपर कातरता येत नाही, त्यासाठी छापील अंकच लागतो.) कार्डशीट घेतली तर बारा थर मुलांच्या बोथट कात्रीने कापले जात नाहीत आणि बाईंना चाळीस मुलांचे कागद स्वतः कापत बसावं लागतं.

'आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?' असं कुणी विचारेल. विचारायलाच हवं. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात आम्ही देतो, तिचं कात्रण वर्गात लावा. आणि मुलांना हेही सांगा की येशूचा जन्म जिथे झाला असं मानतात त्या बेथलेहेममध्येही बर्फ क्वचितच पडतो. कार्डावरचा बर्फ युरोप-अमेरिकेच्या हिवाळ्यातून आला आहे.

किल्ल्याचा भाऊ गोठा

दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलाला नाताळचा गोठा वेगळा शिकवावा लागत नाही. तिथे मावळे, इथे मेंढपाळ. तिथे बुरूज, इथे गव्हाणी. डोंगर दोन्हीकडे आहे, विटा आणि गोणपाट तेच, आणि वर हिरवळ उगवायची खटपटही तीच. वसईत किंवा गोव्यात नाताळच्या रात्री फिरलात तर घरोघरच्या अंगणात असे गोठे दिसतात, त्यांच्या स्पर्धाही होतात. ही प्रथा संत फ्रान्सिस यांच्याशी जोडली जाते. १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी त्यांनी खरा बैल आणि गाढव उभं करून येशूजन्माचा देखावा केला होता.

वर्गासाठी यातला सगळ्यात कामाचा भाग हिरवळीचा. जुन्या ट्रेमध्ये किंवा नारळाच्या करवंटीत माती घ्या आणि गहू, नाचणी, मोहरी, हळीव वेगवेगळे पेरा. हळीव दोन-तीन दिवसांत डोकं वर काढतो, गहू थोडा जास्त वेळ घेतो पण गवतासारखा दिसतो तोच. रोज सकाळी एका मुलाने पट्टीने उंची मोजायची आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. एक करवंटी मुद्दाम कपाटात अंधारात ठेवा. आठवड्याने बाहेर काढली की तिच्यातलं रोप उंच, लुकडं आणि पिवळं निघेल. उजेडाशिवाय हरितद्रव्य तयार होत नाही, हे वाक्य पाठ करण्यापेक्षा ती पिवळी करवंटी जास्त दिवस लक्षात राहते.

गोठ्यात बाळ, मरिया, योसेफ ठेवायचे की नुसता मेंढपाळांचा डोंगर करायचा, हे शाळेने आपल्या पालकांचा अंदाज घेऊन ठरवावं. हळीव दोन्हीकडे सारखाच उगवतो.

पन्नास पैशांचं पत्र

नाताळच्या छापील कार्डाला पोस्टाने जन्म दिला म्हटलं तर चालेल. ब्रिटनमध्ये १८४० मध्ये एका पेनीत पत्र पाठवायची सोय झाली. त्या कामात असलेल्या हेन्री कोल यांच्याकडे पत्रांचा ढीग साचू लागला. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर लिहायला वेळ कुठला? म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं आणि छापलं. म्हणजे आजच्या फॉरवर्डेड शुभेच्छांचे मूळपुरुष हेच.

वर्गात दोन गोष्टी करता येतात. तिसरी-चौथीला उघडल्यावर आतून उभं राहणारं कार्ड. ए-फोर कागद मधोमध दुमडा. घडीच्या बाजूने एकमेकांना समांतर, सारख्या लांबीचे दोन काप घ्या, साधारण तीन सेंटिमीटरचे. मधली पट्टी आत ढकला. कार्ड उघडलं की छोटी पायरी उभी राहते, तिच्यावर झाड, तारा, उंट, काहीही चिकटवा. एकच नियम : काप पानाच्या निम्म्या रुंदीपेक्षा लांब नको, म्हणजे इथे सात सेंटिमीटरच्या आत. त्याहून लांब केला तर कार्ड मिटल्यावर पट्टी बाहेर डोकावते. हा नियम आधी सांगू नका, दोघा-तिघांना लांब कापू द्या, कारण ते स्वतःच शोधून काढतील.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. साध्या पोस्टकार्डाची किंमत वर्षानुवर्षं ५० पैसे राहिली आहे. प्रत्येक मुलाने एक पोस्टकार्ड लिहायचं, पण सांताला नाही. त्याचा पत्ता कुणाकडे नाही आणि उत्तर येत नाही. पत्र गावच्या आजीला, बदली होऊन गेलेल्या बाईंना, खिचडी शिजवणाऱ्या मावशींना किंवा पोस्टमनकाकांना. चित्र, दोन ओळी, आणि पत्ता पिनकोडसकट. पिनकोडची ही सहा अंकी पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, शिवाय संस्कृतचे कवी. आपला पिनकोड ४ ने का सुरू होतो आणि गोव्याचाही ४ नेच का, हे विचारलं की नकाशा आपोआप काढावा लागतो.

जानेवारीत एखाद्या घरी उत्तर येतं तेव्हा वर्गात जे होतं ते कुठल्याही सांताच्या पोतडीत नसतं.

'नाताळ' शब्द कुठला?

पोर्तुगीज भाषेत ख्रिसमसला 'नाताल' म्हणतात, तिथून तो आपल्याकडे आला. त्याच गलबतातून आलेले शब्द मुलांना घरात शोधायला सांगा : पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, बिजागरी, घमेलं, इस्त्री, पगार, तुरुंग. दुसऱ्या दिवशी पगार आणि तुरुंग भाऊ-भाऊ निघाले म्हणून वर्ग हसतो. खर्च शून्य, तयारी शून्य, आणि भाषेचा तास रंगतो.

जरा मोठ्या मुलांना हेही सांगता येईल की येशूची गोष्ट मराठीत सांगायला आपण नव्याने सुरुवात करत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने मराठी ओव्यांत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलं गेलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. आणि अलीकडे, २०२० मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. सण 'इंग्लिश मीडियमचा' आहे, हा समज एवढ्यावर मोडावा.

गाण्याचंही तसंच. 'जिंगल बेल्स' सगळ्यांना येतं, पण १८५७ मध्ये जेम्स पिअरपॉन्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या त्या गाण्यात ख्रिसमसचा उल्लेख एकदाही नाही. ते बर्फावरच्या घोडागाडीचं गाणं आहे. म्हणायला हरकत नाही, सोबत एखादं मराठी बालगीतही म्हणा.

खाऊचा डबा

केक आणा म्हटलं की दोन प्रश्न उभे राहतात : अंडं आणि पैसे. त्यापेक्षा कुलकुल बघा. वसईत, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांत, गोव्यात नाताळचा फराळ असतो, त्यातला हा पदार्थ. आपल्या शंकरपाळ्याचा चुलतभाऊच, फक्त पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा स्वच्छ नव्या कंगव्यावर दाबून शिंपल्यासारखी वळतात. गोव्यातली नेवरी तर सरळ आपली करंजी, ती तिथे चतुर्थीलाही होते आणि नाताळलाही. वर्गात कणकेचा गोळा आणि कंगवे द्या, वळण्याचा सराव होऊ द्या. तळणं घरी, मोठ्यांनी. कुणाला दाणे किंवा सुकामेवा चालत नाही, हे शाळेने आधी विचारून ठेवावं. हे मात्र हसण्यावारी नेऊ नका.

पहिली-दुसरीसाठी एवढं सगळं जड वाटत असेल तर कागदी साखळी पुरे. १ ते २४ आकडे घातलेल्या कड्या, रोज एक तोडायची आणि 'उरल्या किती' विचारायचं. शनिवार-रविवारी कुणी तोडल्याच नाहीत, मग सोमवारी किती तोडायच्या? पहिलीचा वर्ग यावर बराच वेळ भांडू शकतो.

वर्गात एकच ख्रिस्ती मूल असेल तर

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या एक टक्क्याहून किंचित कमी आहे, गोव्यात सुमारे २५ टक्के. म्हणजे वसई किंवा वांद्र्याचा अपवाद सोडला, तर आपल्या बहुतेक वर्गांत असं एखादंच मूल असतं, किंवा नसतंच. अशा वेळी 'चल, तू पुढे ये आणि तुमचा सण सांग' असं बाई प्रेमानेच म्हणतात. पण आठ वर्षांच्या मुलाला चाळीस जणांसमोर आख्ख्या समाजाचं प्रतिनिधी करणं अवघड असतं. त्याच्या घरी आधी विचारा. आजी येऊन कुलकुल वळायला दाखवणार असेल तर उत्तम. मुलाला नुसतं इतरांसारखं कागद कापत बसायचं असेल तर तेही उत्तम. आणि ज्या घरातून 'आमच्या मुलाला नको' असा निरोप आला, त्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवू नका. हिमस्फटिकाची घडी, पोस्टकार्ड, करवंटीतला गहू यात ते बसेलच, कारण ते गणित, भाषा आणि विज्ञानच आहे.

२५ तारखेला सुट्टी असते, त्यामुळे शाळेतला कार्यक्रम बहुतेक २३ किंवा २४ ला होतो. २४ डिसेंबर हा साने गुरुजींचा जन्मदिवस. मुलांना गोष्ट सांगायची तर याहून चांगला दिवस नाही. एक गोष्ट त्यांची सांगा, एक मेंढपाळांची.

तयारीचा क्रम उलटा मोजा. हिरवळ २३ ला हवी असेल तर गहू १२-१३ तारखेला पेरायला हवा, म्हणजे आदल्या दिवशी भिजत घालायला हवा. पोस्टकार्डं १५ च्या आत पेटीत पडली तर वेळेत पोहोचण्याची आशा. करवंट्या मात्र आजपासूनच साठवा, आणि पालकांना मेसेज पाठवायचा असेल तर तो संध्याकाळी सहाला नको, चार दिवस आधी पाठवा.